अंगणातली गाडी आणि सोयगावची वाट

मी, व्यंकटराव आप्पासाहेब आळंदकर, वय ७८, निवृत्त भूमापक, राहणार गारखेडा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. मला राग आलेला आहे, पण तोही शुद्धीतलाच आहे.

१. राहते घर माझ्या पश्चात पत्नी सौ. अनसूया हिच्या एकटीच्या मालकीचे राहील. चिरंजीव मुकुंद ते गहाण टाकून विजेच्या गाडीला नवी बॅटरी बसवू म्हणतो. नुसती बॅटरी गाडीच्या निम्म्या किमतीला! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. असल्या कामासाठी या घराची वीटही हलवू नये.

२. सदर गाडी आहे त्या अवस्थेत मुकुंदला द्यावी. "बाबा, डिझेलचा खर्चच नाही," म्हणत माझी धडधाकट जीप त्यानेच विकायला लावली. दसऱ्याच्या पूजेला, "आई, गाडीचं तोंड हे इथं आहे," म्हणून चार्जिंगचे झाकणही त्यानेच उघडले. अनसूयेने भक्तिभावाने आत हळदकुंकू वाहिले, वर कलशातले पाणी घातले. मग चार्जिंगला लावलेली गाडी पुन्हा उठली नाही. कंपनीच्या माणसाने आतले कुंकू बोटावर घेऊन दाखवले आणि हमी संपली म्हणाला. जीपच्या इंजिनाला मी दर दसऱ्याला कुंकू लावत आलो, तिने कधी हूं की चूं केले नाही.

३. जीपचे पाने-हातोडे शहागंजच्या पुंजारामला द्यावेत. ती जीप त्यानेच सांभाळली आणि शेवटी त्यानेच विकत घेतली.

४. अनसूयेची थोरली बहीण द्वारकाबाई सोयगावला अंथरुणाला खिळून आहे. गाडी दुरुस्त झाली की जाऊ, असे म्हणता म्हणता महिना गेला. दारात गाडी असताना भाड्याची करायची, हे माझ्या जिवावर येते. तरी माझ्या पश्चात मुकुंदने भाड्याची गाडी करून अनसूयेला बहिणीकडे न्यावे. माझ्या तेराव्यापर्यंत थांबू नये.

साक्षीदारांसमोर हे कलम वाचून दाखवताच अनसूया म्हणाली, "ताईला भेटायला मी तुमच्या मरणाची वाट बघू काय? तिला तेवढा दम निघणार आहे का? पुंजारामची जीप दारात उभी आहे. उठा."

पुंजाराम म्हणाला, "चला साहेब, टाकी फुल हाय."

सबब कलम ४ रद्द. बाकी कलमे कायम. घाईमुळे सही वाकडी आली आहे, ती माझीच समजावी.

व्यंकटराव आप्पासाहेब आळंदकर

साक्षीदार:
१. भानुमती देशपांडे, शेजारी (आम्ही परत येईपर्यंत घराची किल्ली यांच्याकडे)
२. पुंजाराम सांडू जाधव, शहागंज

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर, जीपच्या बॉनेटवर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५