चूल न लावता केलेली काळी वडी

प्रिय सुशीलाताई,

आपण कधी भेटलो नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी अकोल्यात, मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात, आईच्या हाताखाली ज्वारी पाखडत होते. तुमचं नावही मला ठाऊक नव्हतं. सवतीनं सवतीला पत्र लिहायचं, तेही गेलेल्या सवतीला! कोणी पाहिलं तर काय म्हणेल? पण काल तुमच्या शालूच्या मुलीचं बारसं झालं. बायका घुगऱ्या घेऊन घरोघर गेल्या, पाळणा हलायचा थांबला, आणि मला वाटलं की या घरात जिच्याशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं, तिच्याशीच मी इतकी वर्षं एक शब्द बोलले नाही.

मी या घरात आले तेव्हा आपली अमरावती मध्यप्रदेशात होती आणि शालू पाच वर्षांची होती. लग्नात माझ्या गळ्यात दोन गोष्टी आल्या. ह्यांच्या नावाचं मंगळसूत्र, आणि तुमच्या नावाचा चांदीचा टाक. "पहिलीचा मान आंधी," आत्याबाई म्हणाल्या. तुमच्या-माझ्या सासूबाई त्या, त्यांच्यापुढे कोण बोलणार? तो टाक अंगाच्या उबेनं कधी कोमट व्हायचा नाही हो. वैशाखातसुद्धा छातीवर गार. का?

शालूला मी पहिल्यांदा पाहिलं ते न्हाणीच्या दारात. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काडीसारखे. संग्रहणी, असं नागपूरच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं म्हणे. पोळी नको, भाकरी नको, दळलेलं कुठलंच धान्य नको, दूध नको. केळी द्या. बाकी काय द्यायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. ते तुम्हीच शोधलंत.

फळीवर चिनीमातीची बरणी होती आणि तीत काळ्या वड्या. बाळंतपणाआधी तुम्ही ती काठोकाठ भरून ठेवली होती. तुम्ही गेलात, बाळही तुमच्यामागं गेलं, आणि बरणी राहिली. एवढी भरून ठेवलीत ती कशासाठी, ताई? तुम्हाला आधीच कळलं होतं का?

शालू रोज दुपारी एक वडी खायची. केळं मी सोलून दिलं तर मान फिरवायची, ह्यांच्या हातून अर्धं घ्यायची. मला हाक मारायची, "ए नवी!" बरणीचा तळ दिसायला लागला तसा माझा जीव उडाला. वडीत काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. तुमचे भाऊ फौजेत, ते तिथल्या कॅन्टीनमधून कोकोचे डबे पाठवतात, एवढंच हे सांगू शकले. पुरुषांना खाल्लेलं आठवतं, केलेलं कुठं दिसतं?

मग मी आपल्या अकलेनं केलं. गुळाचा पाक केला, त्यात कोको ढवळला, ताटात थापला. शालूनं तुकडा जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला.

"आई चुलीवर नाही करत."

"मग कशी करते?"

"तिलेच विचार नं."

"कुठं आहे ती?"

पोरीनं माझ्या खांद्यामागं बोट दाखवलं. "हे काय!"

मागं भिंत होती, भिंतीवर सूप टांगलेलं. पोर 'करायची' म्हणाली नव्हती, 'करते' म्हणाली होती.

बरणी संपली आणि शालूनं खाणंच टाकलं. केळं नाही, उकडलेला बटाटा नाही. डोळे खोल गेले. हे कापसाच्या जिनिंगच्या कामावरून यायचे, तिच्या उशाशी बसायचे, कपाळावर हात ठेवायचे आणि उठायचे. आत्याबाईंनी मात्र मला बोळीत गाठलं. "सुशीला पोरीले बोलावून राहिली. आपला घास पुरला तोवर ठेवली, आता घेऊन जाईल तिले. तू मधात येऊ नको, कमल. तुलेही नेईल."

ताई, तुमचा राग आला मला तेव्हा. भीती वाटत होती त्याहून जास्त राग. आई ना तुम्ही? मग पोरीला उपाशी मारता कशा?

आणि मग ती दुपार. तुम्हाला आठवत असेलच. ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. आत्याबाई ओसरीवर निजल्या होत्या, मी शालूजवळ पडले होते. खलबत्त्याचा आवाज आला. ठक. ठक. थोडं थांबून पुन्हा ठक. मला वाटलं शेजारी असेल. पण आवाज आपल्या स्वयंपाकघरातून येत होता, आणि शालू माझ्याजवळ नव्हती.

ती चुलीसमोर पाटावर बसली होती, हात मांडीवर. खलबत्ता तिच्यापुढे. आवाज थांबला होता. लोखंडी बत्ता मी उचलून पाहिला. दांडा गरम होता, कोणाच्या तरी मुठीतून नुकता सुटावा तसा.

"आई म्हणते खजूर पाण्यात भिजवू नको," शालू कोपऱ्याकडे बघत म्हणाली. "पत्र्यावर ठेव. उन्हानं मऊ होते."

पळून ओसरीवर जावं, आत्याबाईंना उठवावं, असं मनात आलं. पण पोर किती दिवसांनी खाण्याचं नाव काढत होती! मी उठले आणि खजूर पत्र्यावर टाकले.

"अजून काय म्हणते?"

"चारोळ्या. खोबरं. चारोळ्या आधी कुट."

डोंगरातल्या सेमाडोहकडून येणाऱ्या बाईकडून घेतलेल्या चारोळ्या डब्यात होत्या. मी कुटू लागले. शालू कोपऱ्याकडे पाहायची आणि मला सांगायची. अजून. अजून तेल नाही सुटलं. खोबऱ्याचा कीस आता. मग खजूर, बिया काढून. कोको शेवटी. मिठाचा एक कण.

माझे हात भरून आले होते. आणि मग, ताई, बत्ता हलका झाला. मूठ माझी, पण उचलणारं बळ माझं नव्हतं. माझी कुटायची चाल भरभर, ही सावकाश होती, दोन ठोक्यांत श्वास घेऊन. मानेवर ओल्या केसांचा गारवा जाणवला, बाळंतिणीच्या धुरीचा वास आला. मी मागं पाहिलं नाही. का पाहिलं नाही, ते मला अजून सांगता येत नाही. मी फक्त कुटू दिलं.

गोळा तेलानं चमकायला लागला. तो थापून माठाखालच्या गार ओल्या वाळूवर ताट ठेवलं. विस्तव नाही, तूप नाही, साखर नाही, पीठ नाही. तिन्हीसांजेच्या आधी शालूनं एक वडी खाल्ली, मग आणखी एक. बोटं चाटली आणि मला विचारलं, "तू नाई खात काय?"

मी खाल्ली. तोंडात कडू लागलं आणि मग किती तरी वेळ गोड.

आत्याबाईंना ते अजिबात रुचलं नाही. "चूल न पेटवता खायचं ते सुतकात," त्या म्हणाल्या. "जित्या घरात असं गोड कोनी करते काय?" दोन-चार दिवसांनी त्यांनी देवऋषी आणला. लिंबू, काळा दोरा, हातभर खिळा. उंबरठ्यात खिळा ठोकला की बाई बाहेर राहील, आत यायची नाही, असं तो म्हणाला.

मी सासरी तोवर मान वर केली नव्हती. त्या दिवशी उंबरठ्यावर जाऊन बसले.

"उठ," आत्याबाई म्हणाल्या. "काहून बसली तिथं?"

"इथं खिळा ठोकायचा नाही."

"अवं, सवत हाय ते तुही!"

"पोरीची माय आहे. तिला बाहेर ठेवलं तर पोरीला खाऊ कोण घालेल? मला तर अजून कोको किती घालायचा तेही कळत नाही!"

देवऋषी ह्यांच्याकडे पाहू लागला. हे खांबाला टेकून उभे होते. त्यांनी देवऋषीचं लिंबू उचलून त्याच्या पिशवीत घातलं आणि म्हणाले, "महाराज, जा तुमी." लग्नानंतर त्यांनी माझ्या बाजूनं बोललेलं ते पहिलं वाक्य. तेव्हा तुम्हीही तिथंच होतात का?

शालू भरली. शाळेत जाऊ लागली. तुम्ही दुपारी येत राहिलात, मग कमी, मग शालू न्हाती झाली त्या वर्षापासून मुळीच नाही. नवीची मी माय कधी झाले ते माझ्याही लक्षात आलं नाही. आपण आधी मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला, आत्याबाई गेल्या. माझ्या पोटी मात्र काही आलं नाही. "सवतीनं कूस धरली," असं त्या जाईपर्यंत म्हणत राहिल्या. ताई, ते तुम्ही केलंत का? मी कधीच विचारलं नाही. रिकाम्या स्वयंपाकघरात एकदा विचारायला तोंड उघडलं होतं, पण उत्तर आलं असतं तर?

आता तुमचे भाऊ फौजेतून निवृत्त झाले. कोको यायचा बंद झाला. शालू लग्न होऊन अकोल्याला गेली आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. खोली तीच, तुमची. दुसरी खोलीच कुठं आहे?

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. नर्सबाई आल्या होत्या. बराच वेळ गेला, बाळ पुढं सरकेना. शालूचे ओठ पांढरे पडले. नर्सबाईंचा चेहरा बदलला, त्या दारातून ह्यांना म्हणाल्या, "गाडी पाहा. दवाखान्यात न्यावं लागेल." शालूचे दोन्ही हात माझ्या हातात होते.

तेवढ्यात आवाज आला. ठक.

मनात म्हटलं, आल्या. घ्यायला आल्या. याच खोलीतून गेल्या, याच कामात गेल्या, आता पोरीला न्यायला आल्या. "तिला ठेवा," मी पुटपुटले. "मला न्या."

ठक. ठक. सावकाश, मध्ये श्वास घेऊन.

शालूनं डोळे उघडले. तिचा श्वास त्या ठोक्यांना लागला. ठोक्याला जोर, मधल्या जागेत दम. नर्सबाई ओरडल्या, "हं, असंच! असंच, बाई!" मग कपाळाला आठ्या घालून मला म्हणाल्या, "आत कोण कुटत आहे? त्यांना सांगा, जरा थांबा."

"त्या थांबायच्या नाहीत," मी म्हणाले.

नात रडली आणि आवाज थांबला.

मी स्वयंपाकघरात गेले. खलबत्ता फळीवर पालथा होता, कोरडा, वर धूळ. कोणाचं पाऊल नाही, सावली नाही. पण सगळ्या घरात कोकोचा वास भरला होता, आणि घरात कोको नव्हता.

तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी तुम्हाला भ्याले, रागावले, तुमच्यासाठी भांडलेसुद्धा. पण तुम्ही दमला असाल, हे माझ्या कधी मनातच आलं नाही. भरलेल्या पोटानं बरणीभर वड्या कुटल्यात. मेल्यावरही कुटत राहिलात. तुम्हाला कोणी कधी "बसा" म्हटलं का हो?

नातीचं नाव काय ठेवलं ते तुम्ही ऐकलंच असेल. ह्यांना मी नागपूरहून कोकोचा डबा आणायला सांगितलं आहे. शालू अजून पोळीला हात लावत नाही, आणि नातीचं पोट कोणावर जाईल कोण जाणे. दोघींचं मी पाहीन. चारोळ्यांचं तेल सुटेपर्यंत कुटीन, खजूर पत्र्यावर टाकीन, विस्तवाजवळ काही नेणार नाही, आणि माझे हात चालेनासे होण्याआधी शालूच्या हातात बत्ता देईन. हे माझं वचन.

आता तुम्ही बसा, ताई. मी करते.

तुमची धाकटी,
कमल