कालव्यावरील नेमणूक रद्द करून मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
उजवा कालवा बांधकाम विभाग,
संगमनेर, जिल्हा अहमदनगर,
मुंबई राज्य.

अर्जदार : माधव श्रीपाद धावरीकर, आरेखक, राहणार फ्रीगंज, उज्जैन, मध्य प्रदेश (पूर्वी मध्यभारत, त्यापूर्वी ग्वाल्हेर संस्थान, घर तेच).

विषय : आरेखकाच्या जागेवर रुजू होण्यास आणखी मुदत न देता नेमणूक रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले नेमणूकपत्र. २) अर्जदाराचे मुदतवाढीचे यापूर्वीचे अर्ज. ३) आपले स्मरणपत्र, ज्यात "यापुढे कोणतीही सबब ऐकली जाणार नाही" असे आहे.

महोदय,

१. स्मरणपत्र पोचले. अर्जदार या खेपेस सबब सांगत नाही, नकार मागत आहे. हा अर्ज रीतीप्रमाणे इंग्रजीत लिहावा म्हणून अर्जदार बसला होता, पण जमले नाही. इंग्रजीत रजा मागता येते, बढती मागता येते. घरातल्या तिघांची मने एकाच वेळी सांभाळता येत नाहीत. सबब मराठीत लिहीत आहे. लांबण लागल्यास क्षमा असावी.

२. पूर्वीच्या अर्जांत दिलेली कारणे खरी होती. राज्यांची पुनर्रचना झाली आणि अर्जदाराचे सेवापुस्तक कोणाला न विचारता प्रवासाला निघाले. ते आधी ग्वाल्हेरला, मग इंदूरला आणि आता भोपाळला असल्याचे ऐकिवात आहे. आमचे म्हणून हललेले असे तेवढेच. त्यानंतर चातुर्मास लागला, आणि अर्जदाराचे वडील चातुर्मासात बिऱ्हाड हलवू देत नाहीत. आता तुळशीचे लग्नही लागले. सबबींचा डबा रिकामा झाला असून खरे कारण सांगण्यावाचून गत्यंतर नाही.

३. अर्जदाराचे वडील श्री. श्रीपाद धावरीकर यांना घरात व गल्लीत बापू म्हणतात. धावरी हे मूळ गाव आपल्याच तालुक्यात. पूर्वज शिंदे सरकारच्या पागेत कारकून म्हणून माळव्यात आले आणि इथलेच झाले. मात्र तसे कबूल करण्याची घरात रीत नाही. बापूंचा जन्म उज्जैनचा, त्यांच्या वडिलांचाही उज्जैनचाच, तरी "आपल्या देशी" म्हणजे धावरीस. आमटी चाखली की "देशी अशी नसते." उकडले की "देशी इतकी गर्मी नाही." पाहिले कोणी होते? पण अर्जदार हे ऐकतच वाढला, आणि इथल्या कचेरीत जागा उरणार नाही असे दिसताच त्याने आपल्या जाहिरातीस अर्ज केला. बापूंना त्यांच्या देशी नेऊन सोडावे, एवढाच हेतू तेव्हा होता. म्हातारपणी माणसाला आणखी काय द्यावे?

४. मुलाखतीस अर्जदारासोबत बापूही आले होते. कचेरीबाहेर बाकावर पांढरे धोतर, काळी टोपी घालून बसलेले गृहस्थ आपणांस आठवत असतील. त्यांनी आपल्या शिपायाला दोनदा वेळ विचारली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही धावरीस गेलो. धावरीकर हे आडनाव तेथे कोणास ठाऊक नव्हते. चावडीवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने चहा पाजला, आपुलकीने बसवून घेतले आणि विचारले, "पाव्हणं, कुठल्या मुलखातलं म्हणायचं? बोलणं लई वायलं वाटतंय." बापू म्हणाले, "आम्ही याच गावचे." बसलेले सगळे हसले. वाईट हेतूने नव्हे. बापूही हसले. परतीच्या गाडीत ते नागदा जंक्शन येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. अर्जदाराला फार वाईट वाटले.

५. घरी येताच मात्र त्यांनी सर्वांना सांगितले, "गाव असं आहे की बस, देखत राहा!" आणि इथून सगळा घोटाळा सुरू झाला. बापूंना जायचेच आहे असे धरून अर्जदाराची पत्नी सौ. वासंती हिने सामान बांधायला घेतले. पितळी पातेली सकाळी गोणपाटात जातात आणि संध्याकाळी कोणी पाहुणा आला की बाहेर निघतात. हे चार महिने चालले आहे. ती फ्रीगंजातल्याच एका शाळेत शिकवते आणि त्या शाळेवर तिचा जीव आहे. आडून विचारले तर म्हणते, "माझं काय, मी कुठेही पोळ्या लाटीन. बापूंची इच्छा आहे ना, मग चला." एवढे बोलून ती मोरीत जाते आणि बराच वेळ नळ चालू ठेवते. कन्या कल्पना नववीत आहे, हिंदीत शिकते. ती म्हणाली, "बाबा, मी तर सब्जीला सब्जीच म्हणते. तिथल्या मुली माझी मजाक उडवून राहतील." पण आजोबांना सांगू नका, अशी शपथही तिनेच घातली.

६. बापूंचे म्हणणे अर्जदारास इथल्या देवास गेट भागातल्या रस्त्यावर कळले. तंबाखू घ्यायला म्हणून ते अर्जदारास बरोबर घेऊन गेले आणि वाटेत म्हणाले, "तुझी तरक्की होऊन राहिली, बेटा, मी आडवा नाही येणार. सून पण किती खुशीत सामान बांधून राहिली आहे. चला, मीपण चाललो." म्हणजे सून सासऱ्यासाठी निघाली आहे, सासरा मुलासाठी, आणि मुलगा मुळात बापासाठी. घोड्यावर कोणीच नाही आणि घोडे तयार आहे, अशी ही वरात आहे.

७. तरीही बापूंना मनातून जायचे नाहीच, याबद्दल अर्जदार अजून संशयात होता. संशय फिटला तो असा. आमच्या घरी देवपूजेच्या आरंभी संकल्प करतात. त्यात आपण कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत, ते देवाला सांगावे लागते. घर क्षिप्रेच्या काठच्या गावात. पण धावरीकरांच्या घरात पिढ्यान्पिढ्या "गोदावर्याः दक्षिणे तीरे" असेच म्हणतात. इथल्या भटजींनी कितीदा दुरुस्त केले, तर बापू म्हणत, "देवाला आमचा पत्ता ठाऊक आहे." धावरीहून परतल्यावर काही दिवसांनी अर्जदार दाराआड दाढी करीत होता. बापू पाटावर बसले, पळीत पाणी घेतले, आणि अडखळले. मग हळू आवाजात म्हणाले, "क्षिप्रायाः पूर्वे तीरे." वस्तरा अर्जदाराच्या हातातच राहिला. तेव्हापासून ते रोज तसेच म्हणतात, आणि कोणी खोलीत आले की पुटपुटतात. साहेब, या माणसाला आता कोठे नेऊन सोडावे?

८. मग अर्जदाराने स्वतःच "नाही" का म्हणू नये, असे आपण विचाराल. म्हणून पाहिले आहे. जेवताना नुसते एवढेच म्हटले की, इतक्या दूर जायचे म्हणजे जरा विचार करायला हवा. बापूंनी पान अर्ध्यावर सोडले, वळकटी बांधली आणि ओसरीवर येऊन बसले. "माझ्यापायी पोराची नोकरी गेली असं मला नको. आत्ता निघा." वासंतीने समजूत काढून त्यांना आत नेले आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट जोमाने भांडी बांधली. आमच्यात वडिलांसमोर नाही म्हणत नाहीत, आणि वडील मुलाच्या भल्याला नाही म्हणत नाहीत. या दोन चांगल्या चालींच्या मध्ये चार माणसे चेंगरून निघत आहेत.

९. एकट्याने येऊन राहावे, हेही सुचले नाही असे नाही. संगमनेराहून वर्षातून दोनदा घरी येणे होईल. बापूंचे वय पाहता त्या हिशेबात अर्जदारास पडायचे नाही. भोपाळच्या कचेरीत नकाशांच्या नकला करणाऱ्याची एक जागा देऊ करण्यात आली आहे. तेथे कुटुंबाला घर मिळत नाही, हा तिचा मोठा गुण. चौघा नोकरदारांनी एका खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने उज्जैनला यायचे. अर्जदार तेथे जाईल.

१०. सबब विनंती अशी की, आपण प्रतीक्षायादीतील पुढील उमेदवारास प्रथम नेमावे, म्हणजे कागदावर काहीही खोटे येणार नाही. त्यानंतर "जागा भरली गेल्याने आपली नेमणूक रद्द करण्यात येत आहे" असे पत्र अर्जदाराच्या घरच्या पत्त्यावर पाठवावे. पत्र मराठीत असावे, कारण बापू ते स्वतः वाचतील. भाषा कठोर ठेवावी, फेरविचाराला जागा ठेवू नये. बापू आपणांस चार शब्द बोलतील, वासंतीही बोलेल. ते आपल्यापर्यंत पोचणार नाहीत. मग ती भांडी कायमची फळीवर लावील आणि घरात कोणी कोणाला नाही म्हटले नाही, असे होईल.

११. आता थोडे अर्जदाराविषयी, आणि अर्ज संपवतो. मुलाखतीनंतर आपण अर्जदारास जीपमध्ये बसवून कालव्याची आखणी दाखवली. उन्हात चुन्याच्या फक्कीची रेघ डोंगराच्या कडेने वळत गेली होती आणि आपण सहज म्हणालात, "धावरीकर, येथून पाणी जाणार. तुम्ही काढाल तसे." अर्जदाराची सगळी नोकरी रेघा ओढण्यात गेली. संस्थान गेले तेव्हा पुलाचा नकाशा कपाटात गेला, मध्यभारत गेले तेव्हा दवाखान्याचा. त्याने कागदावर काढलेली एकही रेघ जमिनीवर उतरलेली त्याने पाहिलेली नाही. त्या दिवशी जीपमधून उतरून तो त्या फक्कीच्या बाजूने बराच चालला होता. आपण हाक मारेपर्यंत त्याला भान नव्हते.

१२. आपल्या नेमणूकपत्राच्या शेवटी छापील प्रश्न आहे : "उमेदवार सदर जागेवर येण्यास राजी आहे काय?" घरात सर्वांनी सर्वांना विचारले, पण अर्जदारास हे कोणी विचारले नाही, आणि त्यात कोणाचा दोष नाही. विचारणारे आपण एकटेच. तेव्हा उत्तर देणे अर्जदारास भाग आहे. उत्तर : होय, फार राजी आहे. ही बाब आपल्या माहितीसाठी कळवली असून तीवर कोणतीही कार्यवाही करू नये, ही विनंती.

आपल्या नकाराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही) माधव श्रीपाद धावरीकर

उज्जैन, ता. १८ नोव्हेंबर १९५७

सोबत : नेमणूक रद्द करण्याच्या पत्राचा मसुदा, अर्जदाराच्या हस्ताक्षरात, आपल्या सहीसाठी.