माणिकच्या नावाचा चौक

मुलुंड,
६ नोव्हेंबर १९८३

ती. सौ. प्रेमाताईस,
सा. न. वि. वि.

समोरच्या बिऱ्हाडात फोन आलाय, पण त्यावर बोललेलं अख्खा जिना ऐकतो, म्हणून पत्र.

कॉलनीपुढच्या चौकाला आपल्या धाकट्याचं, माणिकचं नाव द्यायचं ठरलंय. लढाईत गेला त्याला पुढच्या महिन्यात बारा वर्षं होतील. आमचे चेअरमन शिवदास यांच्या तर अंगातच आलंय. त्यांनी त्याचं मोठं चित्र काढून घेतलं. मिसरूडसुद्धा धड न फुटलेल्या आपल्या पोराला चित्रकाराने अशा मिशा दिल्यात की वर लिंबू ठरेल. आईने बघून विचारलं, हे कुणाचे आजोबा?

काळजी वेगळीच आहे. शिवदासांनी रतन भरुचांना बोलावलंय. माणिक ज्या बॉम्बरवर नॅव्हिगेटर होता, त्याचे हे पायलट. विमानात दोघेच, हे जिवंत उतरले, आपला गेलेला होता. तेव्हापासून ते कधी आईसमोर आले नाहीत. आई म्हणते, येऊ दे, मला त्याला एक विचारायचंय. काय ते सांगत नाही. भर सभेत काही बोलली तर वाट लागेल. तू ये आणि तिला धरून बस.

मुलांना पापा. भाऊ घाबरट असला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
विद्याधर

बोरीवली,
१४ नोव्हेंबर १९८३

चि. विद्याधर यास अनेक आशीर्वाद.

येणार कशी? ह्यांना गालगुंड झालंय. तोंड कलिंगडाएवढं, आणि खुणा करून दिवसभर चहा मागतात.

चित्राचं वाचून हसले, मग रडले, मग परत हसले. आठवतं ना, माणिक मला माहेरी आणायला बोरीवलीला आला होता? घर न सापडून नॅशनल पार्कात शिरला आणि संध्याकाळी वॉचमनने त्याला हाताला धरून आणून दिला. याला हवाईदल नकाशा देतंय म्हटल्यावर आई-अण्णांनी देव पाण्यात ठेवले होते. तो मात्र मला म्हणाला होता, "ताई, आभाळात गल्ल्या नसतात गं." आणि परीक्षेत पहिला आला, लबाड.

आईला कुणी धरू नका. भरुचांना सभेनंतर घरी आण आणि जेवायला बसव. भरल्या ताटावरच्या माणसाला आई टाकून बोलत नाही.

सगळं सविस्तर कळव. रागावले तरी तुमचीच आहे.

तुझी,
ताई

मुलुंड,
६ डिसेंबर १९८३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सभा झाली. पाटीवरचा पडदा निघेना. शिवदासांनी हिसका दिला तसा पडदा त्यांच्याच डोक्यावर पडला, आणि ते आतूनच बोलत राहिले, की माणिकराव लहानपणापासून गंभीर होते. आई पदर तोंडाला लावून हलत होती. लोकांना वाटलं, रडतेय.

भरुचा घरी आले. सहा फुटी माणूस, पण आत या म्हणेपर्यंत चपला काढून दारातच उभे. तुझं ऐकून आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. त्यांनी पहिला घास घेतला तेवढ्यात आईने विचारलंच, "शेवटाक काय म्हणालो तो?"

तो घास त्यांनी गिळला. मग म्हणाले, आम्ही बॉम्ब टाकून परतत होतो. खालून तोफेचा गोळा लागला. रेडिओ गेला, माणिक जबर जखमी झाला. तरी तो मला दिशा सांगत राहिला. मी इतका घाबरलो होतो की मोठमोठ्याने गायला लागलो. तेव्हा तो म्हणाला, "जरा डावीकडे घे. आणि रतन, गाऊ नकोस यार." मी डावीकडे घेतलं. थोड्या वेळाने समोर आपल्या धावपट्टीचे दिवे दिसले. मी त्याला हाक मारली, तर उत्तर आलं नाही. म्हणाले, आई, असलं शेवटचं वाक्य कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून आलोच नाही.

आईने त्यांच्या ताटात आणखी एक आंबोळी वाढली आणि सांगितलं, ते गाणं म्हण.

ताई, ते जेवता जेवता गायले. काय तो आवाज. समोरच्या बिऱ्हाडाने दार लावून घेतलं. आईने डोळे मिटून सगळं कडवं ऐकलं आणि लेकाची बाजू घेत म्हणाली, "माझ्या झिलाचा काय चुकला नाय."

मग ती पोटभर हसली, आणि भरुचा तिच्या पायांशी बसून रडले.

भावोजींची सूज उतरली की सगळे या. तोवर आमची आठवण असू दे.

तुझा,
विद्याधर