निळ्या पट्टीचा कप

१ एप्रिल
आज संशोधन संस्थेत रुजू झाले. फाटकापाशी चेरी फुललीय आणि तिच्या बुंध्याशी प्रयोगात मेलेल्या उंदरांची शिळा आहे. दर शरदात तिच्यापुढे सफरचंदाच्या फोडी ठेवून सगळे हात जोडतात. मारायचं आणि वर आभारही मानायचे, आम्हा जपानी लोकांची ही रीत मला आवडते.

माझ्यासोबत मिनेगिशीही लागलाय. वर्षअखेर दोघांपैकी एकालाच कायम करणार, असं आमचे प्रमुख त्सुकुदा सेन्सेई यांनी हसत हसत सांगितलं. मिनेगिशी इतका गोड वागतो की पहिल्याच दिवशी डोक्यात गेला. सेन्सेईंनी स्वतः आम्हा दोघांना फ्लूची लस टोचली. कार्यालय सांभाळणाऱ्या नोमासानने गोंधळ नको म्हणून चहाच्या कपांना पट्ट्या चिकटवल्या, त्याच्या कपाला लाल आणि माझ्या कपाला निळी.

९ एप्रिल
काम सोपं आहे. उंदरांना एकदा इंजेक्शन, मग आठवडाभर पाण्यातून पांढरी पूड. मोठं आतडं सुजतं, रक्त पडतं. मध्ये दोन आठवडे साधं पाणी, की पुन्हा पूड. तिसऱ्या फेरीनंतर आतड्यात गाठी धरतात. पुडीच्या बाटल्यांना लाल पट्टी, साध्या पाण्याच्या बाटल्यांना निळी. नोमासान काटकसरी, आमच्या कपांचीच रिळं वापरते.

निळ्या पट्टीचे उंदीर खातात, पितात, गुबगुबीत होतात. पण शेवटच्या दिवशी त्यांनाही मारतात. त्यांना सोडून द्यायला काय हरकत आहे, असं मी विचारलं. सेन्सेई म्हणाले, "अगं कुरुसू, निरोगी आतडं शेजारी नसेल, तर आजारी आतडं कशाशी ताडून बघायचं?" पटलं.

१४ एप्रिल
मिनेगिशीचं पोट बिघडलंय, सारखा पळतो. खरं सांगते, मला बरं वाटलं. राग एवढाच की सेन्सेई त्याचेच लाड करतात. वजन किती, शौचाला कशी होते, आईसुद्धा इतकं विचारत नसेल.

२ मे
मिनेगिशी मध्ये छान सावरला होता, आता पुन्हा तेच. रक्त पडतंय, असं हळूच म्हणाला. बाटल्यांमध्ये पुन्हा पूड घातली त्याच आठवड्यात.

दुपारी नोमासान त्याच्या जवाच्या चहात काहीतरी पांढरं ढवळत होती. मी बघितलं तर म्हणाली, साखर गं, त्याला गोड लागतं. जवाच्या चहात साखर आमच्याकडे कोण घालतं?

माझ्या कपावर निळी पट्टी होती. मी चहा प्यायले. चव नेहमीचीच होती.

२४ मे
तिसरी फेरी. मिनेगिशी पांढराफटक पडलाय. त्याने मला विचारलं, तुला चहा कधी बुळबुळीत लागतो का? मी नाही म्हणाले. माझा लागतच नाही, मग खोटं कुठे बोलले? एका शब्दाने वाचला असता तो. पण मग कायम कोण झालं असतं?

६ जुलै
मिनेगिशी आला नाही. त्याचं टेबल पुसून ठेवलंय, कप पालथा घातलाय. गावी गेला, म्हणे. सेन्सेईंनी खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, वर्षअखेरीची काळजी आता सोड. संध्याकाळी साजरं करायला एकटीसाठीच भाजलेला ईल मासा मागवला. निम्मा टाकून दिला.

७ जुलै
शिळेपुढे सफरचंदाच्या फोडी. शरद तर अजून लांब आहे. दोन बश्या. एकीला लाल पट्टी, दुसरीला —

दुपार
सेन्सेईंनी वजन करायला आतल्या खोलीत पाठवलं. काट्यावर उभी राहिले आणि मागे कडी वाजली. दाराच्या काचेतून दिसतंय, नोमासान बाहेर वाकून माझे आभार मानतेय. म्हणतेय, काल मिनेगिशीचेही असेच मानले —

पोलादी टेबल. त्यावर चादरीखाली कोणीतरी. पायात मिनेगिशीचे बूट. शेजारचं टेबल रिकामं —

मी दार बडवतेय. सांगतेय, मी फक्त साधा चहा प्यायले, मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे —

सेन्सेई म्हणतायत, हो गं, म्हणूनच तर —