फेलिक्सभाऊ नसलेली चित्रं

मी, जसिंता पास्कोल तुस्कानो, वय वर्षे त्र्याऐंशी, धर्म ख्रिस्ती, निवृत्त चित्रकला शिक्षिका, मूळ राहणार नंदाखाल, तालुका वसई, हल्ली मुक्काम मुलाकडे, बिन महमूद, दोहा, कतार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचं डॉक्टरांनी तपासून सांगितलं आहे. सून हिल्डा म्हणते की दुपारी मी उघड्या डोळ्यांनी झोपलेली असते. दोन्ही खरं आहे. हा मजकूर मी सकाळी लिहिते आहे.

१. माझ्या कानांतली सोन्याची फुलं आणि लग्नातलं लाल लुगडं हिल्डाला द्यावं. ती नर्सच्या पांढऱ्या कपड्यांतली बाई, लुगडं कपाटातच ठेवील, तरी तिलाच. बँकेतली शिल्लक माझा मुलगा जेरोम याची. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

२. माझे रंग, कुंचले आणि एक सोडून बाकीची सर्व चित्रं नात ब्रिजिट हिला. चित्रं तिच्यामुळेच झाली. मी इथे आले तेव्हा ती पाच वर्षांची होती. जेवताना माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "ग्रॅनी, वेअर यू एव्हर लिटल?" मी माझं लहानपण मराठीत सांगू लागले, तिला अर्धंच कळलं. म्हणून हॉस्पिटलच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आमचं घर काढून दाखवलं.

मग थांबताच येईना. दुपारी बाहेर धुळीने सगळं पिवळट होई, खोलीत एसी घरघरत राही, आणि त्या आवाजात मला आमच्या वाडीतला रहाट ऐकू येई. बैल गोल फिरतोय, पोहरे वर येतायत, पाणी केळीकडे चाललंय. नाण्यावर एडवर्ड राजा होता तेव्हाची ही गोष्ट. पाय, म्हणजे आमचे वडील, चर्चमधल्या रविवारच्या मिस्सासाठी व्हायोलिन लावतायत. आय चुलीपुढे बसून पिठाचे गोड फुगे तळतेय, तिच्या लुगड्याला धुराचा वास. मी हात पुढे केला की कागद ओला लागे, आणि तो रंगाने ओला झालाय की रहाटाच्या पाण्याने, हे क्षणभर मला कळत नसे.

३. आता माझा थोरला भाऊ फेलिक्स याच्याविषयी. तो दहा वर्षांचा आणि मी सहा वर्षांची असताना माझगावच्या मामाने त्याला मागून घेतलं. मामाला मूल नव्हतं, आणि फेलिक्सभाऊला इंग्रजी शाळा मिळणार होती. तो परत राहायला आलाच नाही. पुढे पायने घर माझ्या नावावर केलं, कारण त्याच्या म्हातारपणी मी जवळ होते. त्यानंतर कित्येक वर्षं फेलिक्सभाऊ माझ्याशी बोलला नाही. मला वाटे, याने ट्राम पाहिल्या, बोटी पाहिल्या, याला आणखी काय हवं?

गेल्याच्या गेल्या नाताळात जेरोमने त्याला इथे आणलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकेक चित्र नाकाजवळ धरून त्याने सगळा गठ्ठा पाहिला. त्यात पूर्ण सकाळ गेली. मग म्हणाला, "जसू, मी कुठे आहे?"

मी म्हटलं, "तू घरी नव्हतास, फेलिक्सभाऊ."

"होतो. दहा वर्षं होतो."

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. रहाट आठवला, बैलाच्या कपाळावरचा ठिपका आठवला. भाऊ आठवेना. हे त्याला सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. बाल्कनीत जाऊन बसला आणि दोन दिवस फक्त हिल्डाशी बोलला.

तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन त्याच्या शेजारी बसले. "तू सांग, मी काढते."

तो हळूहळू सांगू लागला. मांडवावर केळी सुकत घातली की कावळे हाकायला तो वर चढत असे. खाली मी रडत उभी राही. मग तो अर्धवट सुकलेलं सुकेळं माझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकी. त्या दुपारी माझ्या जिभेवर ती गोडी आली. ती आठवण माझी होती की त्याची, मला सांगता येणार नाही. मी त्याला मांडवावर काढला, उन्हाकडे पाठ करून.

नंतर विचारलं, "तुला नेलं तो दिवस काढू का?"

"नको," तो म्हणाला. "त्याच्या आदल्या दिवसाचं काढ."

तेच चित्र वर वगळलं आहे. त्यात आम्ही चौघेही घरी आहोत आणि कुणालाच उद्याचं काही माहीत नाही. ते फेलिक्सभाऊला द्यावं.

४. नंदाखालचं घर व विहिरीसह वाडी मी भाऊ फेलिक्स यास पूर्ण मालकीने देते. पुढे त्याने ते हवं त्याला द्यावं. जेरोमला विचारूनच हे लिहिते आहे.

तो म्हणाला, "मम्मी, मामा सत्त्याऐंशीचे आहेत."

"म्हणूनच तर घाई आहे."

तो म्हणाला, "दे. मी कुठे तिथे राहणार आहे."

५. माझा देह गावी न्यावा. फार अडचण असेल तर इथेच पुरावा. त्यावरून कुणी भांडू नये.

६. कलम चार हे फक्त कायद्यापुरतं आहे. माझ्या मरणाची वाट बघत बसू नकोस, असं मी फेलिक्सभाऊला फोनवर सांगितलं. मागच्या ईस्टरनंतर तो नंदाखालला राहायला गेला. शेजारीण कळवते की पहिले आठ दिवस तो बाहेर ओट्यावरच झोपला, कितीही सांगितलं तरी. आता आत झोपतो.

हे सर्व मी वाचून पाहिलं, ते माझ्या मनासारखं आहे, आणि खालील दोघांच्या समक्ष मी सही करते.

सही: जसिंता पास्कोल तुस्कानो

साक्षीदार:
१. शशिकला रंगनाथ भोईर, परिचारिका, वरच्या मजल्यावर राहणार
२. जालिंदर बाजीराव शेलार, ड्रायव्हर, मला संध्याकाळी समुद्रावर नेणारे

स्थळ: दोहा
दिनांक: १९ मार्च १९८४, संत जोसेफचा सण