रेडिओ दादाला, तार कोणालाच नाही

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेला मीटर तपासनीस, याच घराच्या तळमजल्यावर राहणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला खाली कोणी उरलेले नाही.

१. बँकेतील सर्व शिल्लक माझ्या पत्नीची अखेरपर्यंत सेवा करणाऱ्या नर्सबाईंना द्यावी. त्या हिला कधी ‘आजी’ म्हणाल्या नाहीत, ‘बाई’ म्हणाल्या. हिला ते आवडे.

२. पत्नीची चारशे बारा कार्डे पुतणीला. पत्नी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नोकरी संपल्यावर तिने देशोदेशीची रेडिओ स्टेशने ऐकायचा नाद धरला. आवाज किती स्पष्ट आला, मध्ये खरखर किती, हे ती स्टेशनला पत्राने कळवी, आणि स्टेशन पोच म्हणून चित्राचे कार्ड पाठवी. पाठीच्या दुखण्याने अंथरूण धरले तेव्हाही उशाशी रेडिओ होता. पुतणी लहानपणी त्याच पलंगावर बसून विचारी, “काकू, हा माणूस काय म्हणतोय?” ही म्हणे, “मला कुठे कळतंय? पण बोलतोय बघ किती मनापासून.”

३. रेडिओ माझ्या थोरल्या भावाला द्यावा. दादा वरच्या मजल्यावर राहतो. वहिनी गेली आणि आता त्याला दिसतही नाही. मागच्या महिन्यात जिन्यात बसून म्हणाला, “तो रेडिओ दे ना रे. दिवस सरता सरत नाही.” मी म्हणालो, “माझ्यामागे घे.” तो शब्द मी पाळत आहे.

४. मात्र छतावर रेडिओची तार पुन्हा बांधू नये. बाहेरची स्टेशने तारेशिवाय लागत नाहीत. पत्नीच्या शेवटच्या चार महिन्यांत रेडिओवर नुसती खरखर येत होती. ती गेल्यावर नवव्या दिवशी तिच्या आवडत्या स्टेशनचे पत्र आले: चार महिने आपले पत्र नाही, आमचा आवाज पोचतो ना? मी छतावर गेलो. तार दोन्ही टोकांना तोडलेली होती आणि कठड्यापासून टाकीपर्यंत ताणून तिच्यावर दादाचे टॉवेल वाळत होते. दादा म्हणाला, “ती होय? नुसतीच टांगलेली होती. आता निदान काही उपयोग तरी होतो.”

तळमजल्याच्या दोन्ही खोल्या पुतणीच्या. दादाच्या हयातीत तिने तार बांधली तर खोल्या नर्सबाईंकडे जातील. पोरी, बाप रडला तरी बांधू नकोस.

५. इथले स्थानिक स्टेशन तारेशिवायही लागते. म्हणून रेडिओतला तो भाग मी मेकॅनिककडून काढून घेतला आहे. तो म्हणाला, “काका, चांगल्या सेटचा गळा कशाला दाबताय?” दाबायचा होता. मेकॅनिकला माझी सायकल द्यावी. रेडिओत सेल नवे घालून द्यावेत, म्हणजे खरखर खणखणीत ऐकू येईल.

६. माझी मोठी पक्कड आठ वर्षांपूर्वी दादाने मागून नेली. तार तिनेच तोडली. ती त्याच्याकडेच राहू द्यावी.

७. कलमे १ ते ६ दादाला मोठ्याने वाचून दाखवावीत. हे कलम वाचू नये.

पत्नी असताना खरखर सुरू झाली, तेव्हा मी रेडिओ मेकॅनिककडे नेला होता. तो म्हणाला, “सेट ठणठणीत आहे. छतावरची तार बघून घ्या.” छताची किल्ली दादाकडे होती. पाण्याच्या टाकीवरून आमची बोलाचाल सहा वर्षे बंद होती. किल्ली मागायला माझी जीभ उचलली नाही. घरी येऊन पत्नीला सांगितले, “वर जाऊन आलो. तार ठीक आहे.” ती म्हणाली, “मग जग असं एकदम गप्प कसं झालं हो?” मी म्हणालो, “आता रेडिओ कोण ऐकतं? बंद पडली असतील स्टेशनं.” त्यानंतर तिने एकही पत्र लिहिले नाही.

नवव्या दिवशी किल्ली मागितली तेव्हा दादाने खुंटीवरून काढून लगेच हातात ठेवली. म्हणाला, “मागायची होतीस. मी नाही म्हणालो असतो का?”

पत्नी स्टेशने टिपून ठेवी ती नोंदवही माझ्याबरोबर जाळावी. कोणी उघडू नये. तिच्यातली शेवटची नोंद इथे उतरवून ठेवतो:

“सायंकाळी सात. आवाज नाही. तार ठीक आहे, यांनी स्वतः वर जाऊन पाहिली. म्हणजे स्टेशनवालेच गेले. निरोप न घेता जातील असे वाटले नव्हते.”

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे, तो माझाच आहे.

सही: पाणीपुरवठा विभागाचा निवृत्त मीटर तपासनीस

आमच्यासमोर सही केली, हात कापत नव्हता:
साक्षीदार १: रेडिओ मेकॅनिक
साक्षीदार २: पत्नीवर उपचार करणारे डॉक्टर

स्थळ: तळमजला, खिडकीजवळचा पलंग
दिनांक: ९ फेब्रुवारी, सायंकाळी सात