अर्धी सायकल, अर्धी फटफटी

बमरोली, सुरत
१२ डिसेंबर १९९६

तीर्थरूप नानाभाऊंच्या पायी धाकट्या सरलाचा दंडवत पोचावा.

अमळनेरला थंडी पडली असेल, तेव्हा कान बांधून बाहेर पडत जा आणि वहिनींना पहाटे गार पाण्यात हात घालू देऊ नका. इकडे सगळे सुखरूप आहेत. तुमचे मेहुणे डाइंग मिलमधून रोज वेगळ्या रंगाचे होऊन घरी येतात (काल हिरवे होते), तुमचा भाचा चेतन कॉलेजात जातो असं तो स्वतः सांगतो, आणि माझी प्रकृती पोटऱ्या सोडून उत्तम आहे. पोटऱ्यांना कारण तुमची गाडी. दिवाळीनंतर तुम्ही आपली जुनी मोपेड ट्रकात घालून पाठवलीत आणि सोबत लिहिलंत की, सरले, महिनाभर चालवून बघ. पेट्रोल आहे तोवर फटफटी, संपलं की पायडल मार, सायकल. पायडल असल्यामुळे लायसनही लागत नाही. पसंत पडली तर ठेव, नाहीतर परत कर. महिना झाला. काय काय घडलं ते सांगते आणि निर्णयही सांगते. निर्णय पक्का आहे, तो बदलायला लावू नका.

मुळात माझं सायकलवर काही अडलं नव्हतं. बमरोलीतल्या लूमच्या शेडमध्ये मी माझ्या लेडीज सायकलवरून जेवणाचे डबे पोचवते, हे तुम्हाला माहीत आहेच. दोन वर्षांपूर्वीच्या प्लेगानंतर शहरातले मोठे रस्ते रुंद झाले, पण आमची गल्ली होती तेवढीच आहे, आणि तिच्यातून सायकलच जाते. पण दिवाळीच्या आधी कोसाडकडच्या एका नव्या शेडचा जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, घरी आला. सुकलाल नाव, आपल्या पारोळ्याचा. त्याच्या शेडमधले बहुतेक कामगार खानदेशातले, आणि कँटीनचं गोड वरण खाऊन खाऊन इतके कंटाळलेले, की दोघे जण गावी निघून गेले (एकाचं लग्न होतं म्हणे, पण सुकलाल वरणालाच दोष देतो). त्याने माझी शेवभाजी आणि भाकरी खाल्ली, डोळे पुसले आणि म्हणाला, "ताई, आम्हाले डबा द्या. पण जेवणाच्या घंटेला गरम हातात पडला पाहिजे. आठ दिवस बघतो, नाहीतर अमरोलीत दुसरी बाई शोधतो."

आता बमरोलीहून कोसाड म्हणजे अख्खं सुरत ओलांडून वर तापीचा पूल. मी सायकलवर एकदा जाऊन पाहिलं. पोचले तेव्हा ते लोक चहा पिऊन परत मशीनवर उभे होते. सुकलालने गाडीचं काहीतरी बघा म्हणून मुदत वाढवून दिली. म्हणून तुमची मोपेड आली तेव्हा मला आनंद झाला, हे मी नाकारत नाही. तुमचे मेहुणे मात्र दारातच थांबले. म्हणाले, "बाईने सायकल चालवली, समजलो. मोटार चालवली, तेही समजेन. हे अर्धवट काय आहे?" शेजारच्या इंदुबाईंनी गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "सरलाबाई, हाई काय शे?" मी दोघांना बाजूला सारून गाडीवर बसले.

पहिल्या दिवशीची चूक सवयीची होती. इंजिन चालू झालं तरी पाय थांबेनात. आयुष्यभर पायडल मारलेले पाय, त्यांना काय ठाऊक की आता काम दुसरं कोणी करतंय! वेग वाढला तशी मी घाबरले, आणि घाबरले की मी जोरात पायडल मारते (सायकलवर त्याने कुत्री मागे पडतात). गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या ताराने जॉर्जेटचं कापड वाळत घातलं होतं, गुलाबी, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी त्याच्या एका बाजूने आत गेले आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आले तेव्हा सगळं जॉर्जेट माझ्यासोबत होतं. चौकातल्या पानवाल्याला वाटलं वरात आली. ताराने कापड पुन्हा धुतलं, मी पिळू लागले, आणि तिच्या घरी दोन दिवस फुकट डबा गेला. पण गाडी मी सोडली नाही. रोज सकाळी कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत जाऊन पायांना गप्प बसायला शिकवलं.

मग कोसाडचा पहिला दिवस. पुढे दोन पिशव्या, मागे कॅरियरवर डब्यांचा पेटारा, पदर खोचलेला. कतारगामपर्यंत गाडी अशी गेली की मला तुमच्याविषयी फार माया दाटून आली. पुलाच्या पायथ्याशी पोलीस उभा. त्याने हात केला. मी घाईने इंजिन बंद केलं.

"बेन, लायसन?"

मी तुमच्या पत्रातलं शास्त्र सांगितलं. पायडल आहे, म्हणजे सायकल आहे. सायकलला कसलं लायसन?

त्याने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सायकल छे? तो चलावो. हुं जोउं छुं."

नानाभाऊ, तुम्ही त्या पुलाचा चढ पाहिलेला नाही. भरलेल्या मोपेडला पायडल मारत पूल चढणं म्हणजे म्हशीला कडेवर घेऊन माडीवर जाणं. पण मी सायकल म्हटलं होतं, तेव्हा सायकलच. दातओठ खाऊन पायडल मारायला लागले. तो पोलीस बाजूने चालत होता, कारण माझा वेग आणि त्याची चाल एकच होती. मागे हिऱ्याचे कारागीर आपापल्या सायकलींवर रेंगाळले आणि घंट्या वाजवू लागले. अर्ध्या चढावर पोलिसाचं पोट वरखाली व्हायला लागलं. टोपी काढून तो म्हणाला, "बेन, इंजिन चालू करो. हुं कशुं नहीं कहुं."

मी म्हटलं, "सायकलला इंजिन नसतं, भाई."

तो मागून ढकलायला आला तेव्हा मी तेही करू दिलं नाही. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं होतं. घंटा चुकली तर सुकलाल थांबणार नव्हता, आणि मिलची एक पाळी बंद होणार असं तुमच्या मेहुण्यांनी त्याच आठवड्यात दबक्या आवाजात सांगितलं होतं. ही ऑर्डर मला गंमत म्हणून नको होती. पुलाच्या माथ्यावर पोचले आणि पुढचा उतार मात्र देवाने दिला. पाय वर घेतले आणि सोडून दिली. पोलीस माथ्यावरच राहिला. शेडच्या फाटकात शिरले आणि घंटा झाली. भाजीतून वाफ निघत होती. सुकलालने पुढे होऊन पेटारा उतरवून घेतला.

थोड्या वेळाने पोलीस कुणाच्या तरी टेम्पोतून तिथे आला. मी त्याला बसवलं, भाकरी आणि ठेचा दिला. ठेच्यावर त्याने तांब्याभर पाणी प्यायलं, मग पुन्हा ठेचा मागितला. जाताना म्हणाला, "लायसन कढावी लो, बेन. आवी सायकल में जोई नथी." अशी सायकल त्याने पाहिली नव्हती म्हणे. लायसन लागतंच, नानाभाऊ. तुमच्या शास्त्राचे हाल झाले ते असे.

ही बातमी तुमच्या मेहुण्यांच्या मिलमध्ये माझ्याआधी पोचली. संध्याकाळी ते लाल होऊन आले (त्या दिवशी लाल रंगच होता). घाईघाईने जेवले. उठून बाहेर गेले, तर मला वाटलं रागावले. डोकावून पाहिलं, तर चिंधी घेऊन तुमच्या मोपेडच्या साखळीला तेल घालत बसले होते.

तरीही माझा निर्णय असा: ही गाडी मला जुळत नाही. सायकल हवी असते तेव्हा ती मोटार होते आणि मोटार हवी असते तेव्हा सायकल. गटारावरून उचलून नेता येत नाही, भिंतीला टेकवता येत नाही, आणि सकाळी तिची मनधरणी करावी लागते. मी जन्माची सायकलवाली. तुमची गाडी तुम्ही परत न्या. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपली आज्ञेतली बहीण,
सरला

ता. क. : ट्रकवाले टाकी रिकामी केल्याशिवाय गाडी घेत नाहीत आणि टाकी मी कालच भरली. तेव्हा न्यायला तुम्हालाच यावं लागेल.

ता. क. दुसरा : रविवारीच या. इतर दिवशी सकाळी दहापासून गाडी घरी नसते. शिकाऊ लायसन मिळालं आहे. गल्लीतले डबे सायकलवर जातात आणि कोसाडचे मोपेडवर. कोसाडला बाजूच्या शेडनेही डबे लावले आहेत.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाचा : एवढ्या भाकऱ्या मला एकटीला थापवत नाहीत. वहिनींसारखी भाकरी आपल्या घरात कोणाची नाही, आणि इतकी वर्षं ती फक्त तुम्ही खाल्लीत. त्यांना सोबत आणा. इथे त्यांच्या कामाचे पैसे त्यांच्या हातात पडतील. येताना दोघं या. जाताना रेल्वेचं तिकीट तुमचं एकट्याचंच काढा, खिडकीजवळचं मिळेल.